उंदरावरून माणसाचं कळत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
दारावर आलेल्या पोदेराकडून एकच पाव घेतला. तो अजूनही सवयीने दोन काढतो. मालती गेल्याला सात महिने झाले.
दुपारी म्हापशाहून संजनाचा फोन. नातीला, तेजस्विनीला, ऑटिझम कशामुळे, हे बघायला जेनेटिक टेस्ट. "पपा, शुक्रवारी रक्त काढणार. तुम्ही या." जावई बोटीवर. बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर सुचलं. हे घराण्यातून येतं म्हणतात. माझ्याकडून आलंय असं निघालं तर संजना नातीला इथे पुन्हा आणणार नाही.

४ फेब्रुवारी
घाबरायचं नाही. शास्त्रीय विचार करायचा. मोबाइलवर वाचलं: उंदरांचा एक जीन बदलला, तर ते एकेकटे राहू लागले, गोट्या पुरत बसले. औषधाने सुधारले. म्हणजे औषध आहे, टेस्ट कशाला? संजनाला पाठवलं.
शिवाय हे मालतीच्या माहेरचं असणार. तिचा भाऊ बाबली आमच्या लग्नात कुणाशी बोलला नाही. मीही बोललो नाही, पण माझा घसा बसला होता.

५ फेब्रुवारी
संजनाने डॉक्टरीणबाईंना विचारलं. गोट्या पुरणं म्हणजे ऑटिझम नव्हे. उंदरांना चाललेली औषधं मुलांना बहुतेक वेळा चालत नाहीत. "उंदरांचं पुरो आता, पपा."
उत्तम. उंदरावरून माणसाचं कळत नाही, तर माझ्या रक्तावरून नातीचं काय कळणार? मुद्दा बिनतोड. फोनवर मांडायचं राहिलं.

६ फेब्रुवारी
सापळ्यात उंदीर. नातीने मागच्या खेपेला जमिनीवर रांगेत लावलेल्या बाटल्यांच्या झाकणांतलं एक त्याच्यापुढे टाकलं. हुंगून कोपऱ्यात बसला. निष्कर्ष नाही. पाव घातला.
शेजारच्या गंगावैनी नातीचा फोटो बघून म्हणाल्या, "भावोजीनू, चेडू तुमच्यार गेलां हां! हाक मारल्यार दोघांय वळणत नाय." हसल्या. मी दार लावून बसलो.
उद्या जायचंच. ८.४०ची बस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ९
बस आली. बाजाराची गर्दी. माझ्या खिडकीच्या सीटवर कुणीतरी. पुढच्या बसने जाईन.

दुपारी ३
पोट बिघडल्याचं संजनाला सकाळीच कळवलं होतं. आता खरंच बिघडलं. म्हणजे खोटं बोललो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
संजनाचा फोन. रागावली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. माझ्या रक्ताचं काय, मी विचारलं. म्हणाली, "तुमचं रक्त कुणी मागितलं, पपा? तिचं आणि माझं घेतलं. ती तुमच्याच मांडीवर गप्प बसते, म्हणून बोलावलं. दोन नर्सनी दाबून धरलं तिला. आता मलाही हात लावू देत नाही."
मी म्हटलं, कुणाकडून आलं ते कळलं तर? "कळलं तर कळलं. कुणाला टाकू मी?"
तिला इथे कधी आणशील, हे विचारायचं होतं.
संध्याकाळी उंदीर काजूंच्या बागेत सोडला. झाकण धुतलं, रांगेत त्याच्या जागी ठेवलं. मग रांगेला धक्का न लावता भोवतीने घर झाडलं.