आजीच्या पोस्टरवरचा रिकामा कंस

मंपाँग, ३ मार्च

चि. कोनादू हिस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोन केला की तू म्हणतेस, नेटवर्क नाही. अक्रातल्या एवढ्या मोठ्या कंपनीत माझी भाची नेटवर्कचंच काम बघते, असं मी गावभर सांगून बसलोय. तेव्हा हे बाहेर कुठे बोलू नकोस. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

आईचा अंत्यविधी मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ठरला. तोवर ती शवागारात आहे, आणि या उकाड्यात आम्हा सगळ्यांपेक्षा गारव्यात आहे. अडलंय ते गावात लावायचं निधनाचं पोस्टर. नातवंडांच्या नावांपुढे कंसात काहीतरी हवं ना? ओसेईपुढे ‘न्यूयॉर्क’ आहे. द्वोमोपुढे ‘परिचारिका’. बोआडी पंक्चर काढतो, त्यानेही ‘टायरतज्ज्ञ’ म्हणून कळवलंय. तुझ्यापुढे नुसतं ‘अक्रा’. अक्रात शेळ्याही राहतात गं!

गेल्या वर्षी गावातल्या आग्येईंच्या म्हातारीच्या पोस्टरवर दोन डॉक्टर आणि एक वैमानिक होता. लोक रडले थोडे आणि कंसच वाचत बसले. तेव्हा ती तुझी कसलीशी प्रमाणपत्राची परीक्षा एकदा देऊन टाक. छपाईवाल्याला मी थांबवून ठेवलंय.

माया आहेच, ती निकालावर अवलंबून नाही. पण निकाल लवकर लागू दे.

तुझा मामा,
त्वेनेबोआ (निवृत्त मुख्याध्यापक)

अक्रा, ११ मार्च

ती. मामांस कोनादूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ड्रायव्हरने ते वाचलेलं दिसतंय, कारण देताना त्याने मला परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या.

मामा, ती प्रमाणपत्रं म्हणजे निव्वळ थोतांड आहे. तीन वर्षांनी त्यांची मुदत संपते. तुमचं शिक्षकाचं प्रमाणपत्र इतकी वर्षं भिंतीवर आहे, त्याची मुदत संपवायची तर वाळवीलाच बोलवावं लागेल. आमच्या बायडू साहेबांकडे पाच आहेत, पाचही चौकटीत. एकाची मुदत वाढवून होते तोवर दुसऱ्याची संपते. बिचारे जन्मभर विद्यार्थीच राहिले. आणि त्यांना बढती मिळाली ती काही त्या चौकटींमुळे नाही, संचालकांच्या चर्चमध्ये ते ढोल वाजवतात म्हणून.

सहा वर्षं मी हे काम करतेय. वरच्या जागेसाठी तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं की प्रमाणपत्र जोडलेलं नाही. जोडणारही नाही. त्यांना काम दिसत नसेल तर त्यांनी चष्मे बदलावेत. माझ्यापुढे कंसात ‘नात’ लिहा, तेवढं खरं आहे.

मामींना नमस्कार. रागावलात तरी चालेल, विसरू मात्र नका.

आपली,
कोनादू

मंपाँग, १९ मार्च

चि. कोनादू, अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण वाचलं. छान आहे, फक्त त्यात एक गोष्ट राहिली. गेल्या वर्षी तू ती परीक्षा दिलीस आणि नापास झालीस.

दचकू नकोस. आईनेच सांगितलं. तू तिला फोन करून रडलीस आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावलीस. तिने शपथ पाळली, फक्त मला सांगितलं. मला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, असं तिचं म्हणणं होतं. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात फुफू खाताना मध्येच थांबून म्हणाली की पोरगी परत बसायला घाबरते आहे, तिला बसव, पण माझं नाव सांगू नकोस. आता मीही शपथ मोडली. आपलं घराणंच तसलं.

परीक्षा थोतांड आहे की कामाची, ते मला कळत नाही. तू घाबरून तिला थोतांड म्हणू नयेस, एवढंच कळतं. पास होऊन मग खुशाल शिव्या दे, मी ऐकायला बसेन.

रडून झालं की उत्तर लिही.

तुझा,
मामा

अक्रा, २७ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

रडून झालं. आजीवर चिडूनही झालं, पण तिच्यावर चिडून उपयोग काय, ती ऐकून न ऐकल्यासारखं करणार.

मला खरंच भीती वाटते, मामा. पुन्हा नापास झाले तर मला काहीच येत नाही, असं मीच मानायला लागेन. तरी एप्रिलअखेरची तारीख घेतली आहे. कामावर जाताना ट्रोट्रोच्या मिनीबसमध्ये डोळे मिटून पाठ करते. काल शेजारची बाई माझं पुटपुटणं संपल्यावर मोठ्याने आमेन म्हणाली आणि माझ्यासाठीही थोडी प्रार्थना करा म्हणाली.

कंस रिकामाच ठेवा. आधीच काही छापलंत तर मी अंत्यविधीला आपल्यात न बसता आग्येईंच्या माणसांत जाऊन बसेन.

आपली घाबरट,
कोनादू

मंपाँग, १६ एप्रिल

चि. कोनादू, अनेक आशीर्वाद.

अनर्थ झाला. तुझ्यासाठी छपाई थांबली आहे हे बाकीच्यांना कळलं. ओसेईने लगेच कळवलं की नुसतं ‘न्यूयॉर्क’ नको, त्याने कसला तरी अभ्यासक्रम केलाय, तो लिहा. द्वोमोने तीन प्रशिक्षणं पाठवली. बोआडी ‘आंतरराष्ट्रीय टायरतज्ज्ञ’ झाला, कारण त्याने एकदा टोगोच्या ट्रकचं चाक बदललं होतं.

कंस वाढले तशी जागा कमी पडली आणि छपाईवाला आईचा फोटो लहान करत गेला. आधी ती ताटाएवढी होती, मग बशीएवढी. काल आलेल्या नमुन्यात ती साबणाच्या वडीएवढी आहे. छपाईवाल्याने मला विचारलं की वारलंय नक्की कोण. मी कुटुंबप्रमुख, पण माझं ऐकतो कोण? सगळे एकेक कंस धरून बसलेत, कुणी सोडायला तयार नाही.

तू मात्र अभ्यासावरून लक्ष काढू नकोस.

तुझा हैराण,
मामा

अक्रा, ३० एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पास झाले! पेपर संपताच संगणकाच्या पडद्यावर निकाल आला तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडले की केंद्राच्या पहारेकऱ्याने मला बाहेर काढलं. दारात उभी राहून आणखी ओरडले.

त्याच दिवशी चौथा अर्ज केला आणि सोमवारी मुलाखतीचं बोलावणं आलं. सहा वर्षांच्या कामाने जे दार उघडलं नाही, ते एका कागदाने उघडलं, याचा मला अजून राग आहे. पण दार उघडलंय, तेव्हा आत जाऊन माझं काम मीच सांगेन. बायडू साहेब म्हणाले की आता तीन वर्षं निवांत. मग हळूच म्हणाले की अडीच धर.

आता ऐका. पोस्टरवर हे छापू नका. माझा कंस काढा, आणि मी काढला म्हणून बाकीच्यांचेही काढा. बोआडीला मी समजावेन. आजी साबणाच्या वडीएवढी नव्हती हो. ती खोलीत आली की खोली भरायची.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी निघते. मामींना म्हणावं, उपाशी येते आहे.

आपली,
कोनादू

मंपाँग, ५ मे

चि. कोनादू, खूप खूप आशीर्वाद.

कंस काढले, सगळे. आई आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आहे. काल पोस्टर लागलं आणि मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. बोआडी भांडायला आला होता, तोही माझ्याशेजारी उभा राहून रडला.

मग निकाल तिला सांगायला शवागारात गेलो. तिथला माणूस म्हणाला, बोला की, आम्हीही त्यांच्याशी रोज बोलतो. आईला कमी ऐकू यायचं हे तुला ठाऊकच आहे, म्हणून जरा मोठ्याने सांगितलं. पहिल्यांदा सांगून माझंच समाधान झालं नाही, म्हणून परत सांगितलं. बाहेर आलो तर दुसऱ्या कुणाच्या मयतीसाठी आलेले चौघे रडायचे थांबून माझं अभिनंदन करायला उभे. मी घरी पोचेपर्यंत बाजारालाही कळलं होतं.

तेव्हा शुक्रवारी बसमधून उतरशील तेव्हा गाव जमलेलं असेल. मी पोस्टरवर एक अक्षर छापलेलं नाही.

तुझा,
मामा