पोकळ डबा

७ जुलै, सोमवार
भावाने गाडी परत दिली. एकदम सुसाट! चढावरसुद्धा कुरकुर नाही. "ताई, माझा हात फिरलाय तिच्यावर," म्हणाला. घरचा मेकॅनिक असला की बरं असतं.

९ जुलै
मागच्या सीटवरची दोघं — "मावशी, डोकं दुखतंय." खिडक्या उघडायला लावल्या. शाळेची व्हॅन चालवतेय तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं.

१२ जुलै
आज तर एक पोरगी उतरताच ओकली. तडक गॅरेज गाठलं. भाऊ हसत म्हणतो कसा — "अगं, सायलेन्सरच्या डब्यातली जाळी चोंदली होती. फोडून काढली. डबा परत वेल्ड केला. वरून आहे तसाच दिसतो, कुणाला कळतंय?"

मला कळतंय ना! त्या तापलेल्या जाळीवरून जातानाच तर धुरातलं विष मरतं. ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं आमच्याकडून. मी पोरं वाहते, विटा नाही!

"सगळेच काढून टाकतात गं. तूच एक शहाणी."

१३ जुलै
आई : "एका डब्यापायी सख्ख्या भावाशी भांडतेस?"
हो. भांडते. ह्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय — त्याचे हे पांग फेडले!

१५ जुलै
दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथले मिस्त्री गाडीखालून बाहेर आले ते कपाळाला हात लावूनच. "बाई, मुळात प्लग खराब. पेट्रोल न जळताच पुढे जायचं आणि जाळीत पेटायचं. मग जाळी वितळणार नाही तर काय? प्लग तसाच, आणि फोडली जाळी! रोग म्हशीला, औषध पखालीला."

वर वेल्डिंगला चीर. धूर थेट मागच्या सीटखाली!

नवा कन्व्हर्टर — म्हणजे तो जाळीचा डबा — आणि नवे प्लग. माझ्या पदरचे. भावाला कळवलंसुद्धा नाही; मिस्त्र्यांकडून कळेल तेव्हा कळेल.

२ ऑगस्ट
कुणाचं डोकं दुखत नाही. माझंच उठवतात कार्टी!
भाऊ रस्त्यात समोरून आला. मान फिरवून गेला. खुशाल जा.

४ ऑगस्ट
भावजय दारात. भाची उद्यापासून बालवर्गात. "वन्सं, तिला तुमच्याच व्हॅनमधून न्या. दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसवायचं नाही, असं बजावलंय ह्यांनी."

शाळेच्या बाकी सगळ्या व्हॅन त्याच्याच गॅरेजात जातात.