कोऱ्या पानावरची सही

४ मार्च, सोमवार

आज रुजू झाले! पहिल्या मजल्यावर स्वतंत्र खोली, खिडकीतून छान ऊन येतं, टेबलाला तीन खण आणि त्यांतला एक चक्क उघडतो. दारावर पाटी: वैद्यकीय नोंदी सुधारणा अधिकारी. बारा वर्षं दुसरीकडे वॉर्डात सिस्टर म्हणून पायपीट केल्यावर बसायला खुर्ची मिळाली, आणखी काय हवं माणसाला!

काम साधं आहे. पेशंटच्या फायलीत डॉक्टरांनी रोज लिहायचं: काय झालंय, काय केलं, का केलं. जिथे राहिलं असेल तिथे मी पिवळी चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर प्रश्न लिहायचा. डॉक्टरांनी खाली उत्तर लिहिलं की चिठ्ठी मिटली. मोठे साहेब म्हणाले, आत्ता शंभरातल्या एकतीस फायली पूर्ण असतात, त्या नव्वद करून दाखवा. मी हो म्हणून बसले. पहिल्या दिवशी माणूस कशालाही हो म्हणतो.

नोकरी घेण्याचं खरं कारण म्हणजे आत्या. तिच्या पित्ताशयात खडे झालेत, आणि इथे कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना ऑपरेशनसाठी ताटकळावं लागत नाही. आईबाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. तेव्हापासून आत्याच माझी आई, बाप आणि हेडमास्तर. तिच्याखेरीज मला कोणी नाही. हे तिच्या तोंडावर कधी बोलणार नाही, नाहीतर डोक्यावर चढून बसेल. संध्याकाळी पाटीचं सांगितलं तर म्हणाली, भुणभुण लावायचीही नोकरी असते हे माहीत असतं तर तुला शाळेतूनच परस्पर पाठवली असती.

७ मार्च, गुरुवार

चार दिवसांत बासष्ट चिठ्ठ्या लावल्या. उत्तरं आली तीन. त्यांतलं एक उत्तर आहे, 'हो.' प्रश्न होता, ताप किती दिवसांपासून आहे?

दुसऱ्या एका फायलीत सलग नऊ दिवस एकच ओळ: प्रकृती स्थिर, उपचार तेच. पेशंट सातव्या दिवशी घरी गेलाय! घरी बसल्याबसल्या त्याची प्रकृती दोन दिवस आमच्याकडे स्थिर होती. हसावं की रडावं कळेना.

सर्जनचं तर विचारूच नका. हात चांगला आहे म्हणतात, पण त्या हाताला पेनाचं वावडं. मला पाहिलं की हातावर तुरी देऊन मागच्या जिन्याने पसार. आज मी जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिले. म्हणाले, पेशंट बरे करू की निबंध लिहू? मी म्हटलं, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर दुसऱ्या डॉक्टरला कसं कळणार याला काय दिलंय? म्हणाले, फोन करेल की. वॉर्डातली सिस्टर तोंड फिरवून हसत होती. माझं नाव चिठ्ठीबाई पडलंय, हेही तिनेच सांगितलं.

डोकं नुसतं भणाणून गेलंय. मी यांच्याकडे स्वतःसाठी काही मागतेय का?

११ मार्च, सोमवार

आज एक चुकीची गोष्ट केली. निदान वहीत तरी खरं लिहावं.

सर्जन सकाळी आपणहून माझ्या खोलीत आले. मला वाटलं सूर्य पश्चिमेला उगवला. टेबलावर त्यांनी एक गठ्ठा टाकला: दैनंदिन नोंदीची शंभर पानं, सगळी कोरी, आणि प्रत्येकाच्या तळाशी त्यांची सही. म्हणाले, तुम्हाला सहीच हवी असते ना, घ्या, मजकूर सवडीने भरू, आता माझा पिच्छा सोडा.

गठ्ठा त्यांच्या अंगावर भिरकावायला हवा होता. पण इथली मोजणी सहीवर चालते. पानाच्या तळाशी सही असली की पान पूर्ण, वर काय लिहिलंय ते कोणी पाहत नाही. आणि आज दुपारी मोठ्या साहेबांपुढे आकडा ठेवायचा होता. मी निमूटपणे सर्जरी वॉर्डातल्या प्रत्येक फायलीत तीन-तीन पानं घातली. उद्या आत्या दाखल होतेय, तिची फाइल तयार होती. तिच्यातही घातली.

आकडा छप्पन्नवर गेला. साहेबांनी पाठ थोपटली. घरी आल्यावर चहाही गोड लागेना.

१३ मार्च, बुधवार

आत्याचं ऑपरेशन छान झालं! शुद्धीवर आल्याआल्या तिने सिस्टरला विचारलं, माझे खडे कुठायत, दाखवा. पोटाला एक नळी आहे, आठवडाभर राहील. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आणि दुसरी मोठी बातमी म्हणजे कोरी पानं भरली! अक्षर बारीक, एकसारखं, कुठे खाडाखोड नाही. एवढंच नाही, जुन्या चिठ्ठ्यांनाही उत्तरं आलीत. वरवरची, घाईघाईची नव्हे, नीट विचार करून दिलेली. सर्जननी शेवटी मनावर घेतलं तर! मी जिन्यात गाठून आभार मानले. ते गोंधळलेले दिसले, पण ठीक आहे ठीक आहे म्हणत सटकले. कौतुकाची सवय नसेल बिचाऱ्यांना.

१४ मार्च, गुरुवार

सुतारकाकांची फाइल वाचत होते. खाट सहा, हर्नियाचं ऑपरेशन, गप्पिष्ट माणूस. आजच्या पानावर लिहिलंय: दुपारी दोनला मुलगी येऊन गेली. रुग्ण तिच्याशी बोलला नाही, नंतर भिंतीकडे वळून रडला.

तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते.

कोणीतरी माझी गंमत करतंय म्हणून संतापले. दोन वाजता मुद्दाम वॉर्डात जाऊन थांबले. मुलगी आली. काका बोलले नाहीत. ती गेल्यावर भिंतीकडे वळले.

पुढचं पान उद्याच्या तारखेचं आहे, तेही भरलंय. सव्वाअकरा: अचानक धाप, छातीत कळ. उपाय केले, उपयोग झाला नाही.

मी चिठ्ठी लावली: हा मजकूर चुकीच्या फायलीत लिहिला गेला आहे काय? फाइल बाजूला ठेवून पाणी प्यायले. परत उघडली तर उत्तर आलेलं. खोलीत मी एकटी होते.

उत्तर होतं: नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सुतारकाका गेले. सव्वाअकरा.

सकाळी आठपासून सगळ्यांना सांगत होते. सर्जनच्या नाकासमोर पान धरलं. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. तळाशी पाहिलं आणि म्हणाले, माझी सही आहे, म्हणजे मीच लिहिलं असणार. मी ओरडले, काय लिहिलंय ते तरी बघा! म्हणाले, लिहिलं नाही तरी तुमची कटकट, लिहिलं तरी कटकट. सिस्टर म्हणाली, फाइल पूर्ण आहे ना बाई, मग आता काय राहिलं?

लिहीत नाहीत, आणि वाचतही नाहीत. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

मोठ्या साहेबांकडे गेले. आकडा चौऱ्याण्णव झालाय. फार खुशीत होते. तारीख चुकली असेल, सुधारून घ्या म्हणाले.

१६ मार्च, शनिवार

वॉर्डातली उरलेली कोरी पानं काढून फाडली. सगळी. फायली पुन्हा उघडल्या तर पानं जागच्या जागी. सहीसकट.

आत्याची फाइल पाहिली. दोन पानांत मिळून आजपर्यंतचं भरलंय, सगळं ठीक आहे. पुढची तारीख अजून नाही. एक पान कोरं आहे.

ते मी घातलं. माझ्या हाताने घातलं.

आत्याला घरी न्यायचं म्हटलं. सर्जन म्हणाले, नळी असताना घरी? वेड लागलंय का? आत्याही त्यांचीच री ओढते. म्हणते, तू जरा झोप, तुझे डोळे भोकरासारखे झालेत. तिला काय सांगू?

१८ मार्च, सोमवार

काहीतरी सापडलंय. नीट लिहून ठेवते.

खाट नऊवरच्या मास्तरीणबाई. आजचं पान: दहा वाजता न्हाणीघरात पडल्या, उजवा पाय मोडला. पावणेदहाला मी घाईघाईने चिठ्ठी लावली: पाय नेमका कुठे मोडला? दहा वाजले. बाई न्हाणीघरात गेल्या, धडधाकट परत आल्या. सव्वादहाला चिठ्ठीवर उत्तर उमटलं: खुब्यात. पाच मिनिटांत बाई पुन्हा उठल्या, आणि मी पळत जाऊन पोहोचेपर्यंत—

मोडला. खुब्यात.

म्हणजे चिठ्ठी उघडी असेपर्यंत ते थांबतं. फाइल अपुरी असली तर त्याला पुढे जाता येत नाही. त्याला सगळं पूर्ण लागतं. माझ्यासारखंच.

दुपारी चार. आत्याचं शेवटचं पान भरलं.

१९ तारीख. नऊ चाळीस. हृदयक्रिया बंद.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी ८.१०

आत्याच्या खाटेशी बसलेय. फाइल मांडीवर, वही फायलीवर. चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे आणलेत. सर्जनना हात जोडले तेव्हा कुठे येऊन तपासून गेले. नाडी उत्तम, दाब उत्तम. प्रकृती स्थिर, म्हणाले. मी नऊ चाळीसला इथे थांबा म्हटलं. त्यांचं ऑपरेशन आहे म्हणे.

आत्या विचारतेय, परीक्षेला बसल्यासारखी काय लिहितेस? म्हटलं, तुझी चौकशी.

९.३०

सुरुवात केली. आधीचे आजार? कोणत्या औषधाने पुरळ येतं? रक्तगट? फाइल मिटायची, उघडायची, की उत्तर हजर. काल त्याला अर्धा तास लागला होता. आज एक मिनिट.

९.४१

नऊ चाळीस टळली! आत्या केस विंचरतेय. टळली!

थांबायचं नाही. प्रश्न उघडा ठेवायचा.

१०.२०

दोन गठ्ठे संपले. आजाराबद्दलचे प्रश्नही संपले. आता सुचेल ते विचारतेय. करंगळीवरचा व्रण कशाचा? उत्तर: शिलाई मशीनची सुई. वय एकोणीस. घरी सांगितलं नाही.

मला माहीत नव्हतं. आत्याला विचारलं. ती चमकली. म्हणाली, तुला कोणी सांगितलं?

१०.४५

लग्न का केलं नाही? उत्तर: मागणी आली होती. मुलीला सोबत आणू नका म्हणाले.

मुलगी म्हणजे मी.

वाचत बसायला वेळ नाही. पुढचा—

११.०५

चौथा गठ्ठा. हात भरून आलाय. सिस्टरला म्हटलं, चिठ्ठ्या आण, पाया पडते. ती मोठ्या साहेबांना बोलवायला गेली. माझ्याकडे बघते कशी—

रुग्ण शेवटची कधी रडली? उत्तर: तुला घरी आणलं त्या दिवशी. मोरीत. नळ सोडून.

तुला. माझ्याशी बोलतंय.

११.१५

चिठ्ठ्या संपल्या. वहीची पानं फाडतेय. उत्तर आता फाइल मिटायच्या आधीच—

आत्याला धाप लागलीय. म्हणते काही नाही, पाणी दे. माझा हात घट्ट धरून ठेवलाय. डाव्या हाताने लिहितेय.

बेल दाबली. कोणी येत नाही. बेल दाब—

विचारलं, किती वेळ? उत्तर: दोन प्रश्न.

काय विचारू. काय विचारू की ज्याचं उत्तर नाही—

विचारलं, मी काय केलं तर ती वाचेल? उत्तर: मजकूर पूर्ण आहे. बदल करता येत नाही.

एक उरला. आत्या माझं नाव घेतेय. इथेच आहे गं, इथेच आहे—

विचारलं, शेवटच्या क्षणी रुग्णाजवळ कोण होतं? नातं लिहा.

भाची लिही. भाची लिही, मी इथून हलणार नाही, कोणी ओढलं तरी—

उत्तर आलं.

कोणी नाही.

असं कसं? हात माझ्या हातात आहे, मी इथे बसलेय, मी तर इथे