श्रावण घालवायला ये

भांडुप
रविवार, ७ डिसेंबर

चि. बाळास,

ताईचे आशीर्वाद. श्वेतालाही सांग.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन केला की तू म्हणतोस, "ताई, भाषण नको," आणि ठेवून देतोस. पत्रही ठेवून देता येतं म्हणा, पण निदान मी बोलत असताना मध्येच नाही. भांडुपहून जोगेश्वरीला रिक्षा जाते हे मलाही ठाऊक आहे. मग मी स्वतः का आले नाही? तो मुद्दा पुढे घेते.

आधी बातम्या. खालच्या एथेलने सांगितलंय, नाताळात तुझ्या वाट्याच्या करंज्या ती यंदाही बाजूला काढणार आहे, तू आलास न आलास. आपल्या घरात थोडी हलवाहलव केली. आईची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला वॉकर धरून चार पावलं टाकता येत होती, पण पडल्या पडल्या ओट्यावर नजर ठेवणं हे तिला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी कढई ठेवली की आवाज येतो, "तेल तापलं नाय अजून." मी निवृत्त प्राध्यापिका, चाळीस वर्षं व्यासपीठं हलवलेली बाई, आणि मोहरी कधी घालायची ते मला खाटेवरून कळतं.

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगते. हे वाचून तू हसशील, मीही आधी हसले होते.

आपल्या घरात ऋतू कोण बदलायचं, तुला आठवतं? हवा नाही, आई. चैत्रात एक दिवस अचानक पन्हं यायचं. पाऊस यायच्या आधी सुकटीचे डबे भरायचे, बाबा मिलमधून येताना मिठाची पिशवी आणायचे. श्रावण लागायच्या आदल्या रात्री मासळीची कढई घासून माळ्यावर जायची. थंडी पडली की तांदळाच्या भाकरीच्या जागी बाजरीची यायची. कुणी घोषणा केली नाही, ठराव मांडला नाही. ताट बदललं की आपण समजायचो, दिवस बदलले.

तर या आईच्या लेखी यंदा श्रावण संपलेला नाही.

मस्करी नाही करत आहे. दसरा गेला, दिवाळी गेली, बाहेर पावट्याच्या शेंगा आल्या, आणि तिचा श्रावण चालूच. मासळी नाही, अंडं नाही. सोमवारी उपास, शनिवारी उपास, मधल्या एकादश्या, चतुर्थ्या वेगळ्या. बाकी डोकं ठीक आहे. मला ओळखते, सिलिंडर कधी लावला ते सांगते, शेजारच्यांची भांडणं कोणत्या टप्प्यावर आहेत तेही सांगते. महिना तेवढा हलत नाही.

मी कुतूहलाने मागे लागले. तुला माहीत आहे माझी सवय, प्रश्न दिसला की सोडत नाही. कॅलेंडर दाखवलं. म्हणाली, "छापणाऱ्यांना काय, आधीच छापून ठेवतात." वर्तमानपत्र दाखवलं. म्हणाली, "पेपरात खरं कधी असतं? तूच तर सांगतेस." माझेच शब्द माझ्यावर! मग मी ताटातून पुरावे मांडायला सुरुवात केली. सोलाणे आणले, कोनफळ आणलं, तीळ लावून बाजरीची भाकरी केली. जेवली. गोधडी अंगावर ओढली आणि म्हणाली, "श्रावणात एवढी थंडी कधी बघितली नव्हती गो."

आणि काल पावट्याची आमटी चाखून म्हणते, "मार्गशीर्षात पावटा गोडच लागतो." मी गर्रकन वळले. तिने माझ्याकडे बघितलं, घास गिळला आणि म्हणाली, "पण आता श्रावण आहे."

बाळा, हे विसरणं आहे की आणखी काही, मला ठरवता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न असा आहे, जो मला विचारावासा वाटत नाही.

इथपर्यंतचं हसण्यासारखं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात तिचं वजन केलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, हाड सांधलंय, पण अंगात मांस उरलेलं नाही. अशीच राहिली तर पाय जमिनीला लावता येणार नाही, आणि एकदा अंथरुणाला खिळली की पुढचं तुम्हाला कळतं. डाळी पचत नाहीत. अंडं द्या, मासे द्या, अर्धा आठवडा उपाशी ठेवू नका. चार पावलांची आता दोन झाली आहेत. तेही मला धरून.

मग मी जे केलं, ते तुला श्वेताकडून कळलं असेलच, कारण आईने सुनेला फोनवर सांगितलं. घावण्याच्या पिठात अंडं फेटून घातलं. पहिला तुकडा नाकाशी नेला आणि ताट सरकवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "तू खोटं बोलत नाहीस एवढी एकच गोष्ट मी लोकांना सांगायची." त्या दिवशी ती जेवली नाही. तेव्हापासून प्रत्येक वाटीला विचारते, "ह्यात काय घातलंस?" भात वाढला तरी.

मार्ग दाखवला एथेलने. कोंबडीचं सोप, म्हणजे आपलं सूप, घेऊन वर आली होती, आईने तिलाही परत पाठवलं. जिन्यात उभी राहून ती मला म्हणाली, "माधुरी, आमचा उपासाचा काळ ईस्टरला सुटतो. चर्चमध्ये मिस्सा झाली, घरी येऊन सगळे जेवलो, की सुटला. तुमचा कशाने सुटतो? तू विचारलंस कधी तिला?"

नव्हतं विचारलं. महिनाभर मी पुरावे देत होते, विचारत नव्हते. तशीच वर गेले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "आई, श्रावण कधी जाणार?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच अडाणी. "श्रावण काय आपोआप जातो? घालवायला लागतो."

"कसा?"

"गौर आली, तिला तिखटाचं, मासळी-मटणाचं जेवण दाखवलं, पहिला तुकडा तिनं खाल्ला, की मग आपण. तिच्याआधी कसे खाणार गो? तुझा बाबा संपाच्या वर्षीसुद्धा थांबलेला."

मग तिने रोजचा प्रश्न विचारला. "बाळा आला काय?"

हा प्रश्न ती भाद्रपदापासून रोज विचारते. मी तो तुला कळवला नाही, कारण मला वाटलं, आई लेकाची आठवण काढते आहे, आणि ते कळवणं म्हणजे तुझ्यापुढे हात जोडणं. तेव्हा कळलं, प्रश्न अर्धाच होता. "बाळा आला काय, गौर घेऊन?" असा तो आहे.

आई माझ्याकडे राहायला आल्यापासून, गेली दोन वर्षं, तू तिला सणाला जोगेश्वरीला नेत होतास, तिथे गौर जेवायची, तिचा श्रावण तिथे सुटायचा. मला पत्ताही नव्हता. यंदा ती तुझे चार मजले चढू शकत नव्हती. ऑगस्टमध्ये तू फोन केलास, "ताई, आईला आणता येत नाही, तर गौर-गणपती यंदा तिकडे आणतो." मी म्हणाले, माझ्या घरात मूर्ती येणार नाही. तू "बरं" म्हणालास. त्यानंतर मी जे बोलले ते ऐकायला तू फोनवर नव्हतास, ते बरंच झालं.

आता नीट ऐक. माझं मत बदललेलं नाही. गौरीचा मुखवटा पितळेचा आहे, त्याला भूक लागत नाही, हे मी उद्याही भर सभेत सांगेन. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत तरी सांगेन. पण ज्या बाईला भूक लागते, ती त्या मुखवट्याच्या आधी जेवणार नाही, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थितीपुढे डोळे मिटणं मी कुणाला शिकवलेलं नाही.

तर मुखवटा घेऊन ये. पुढच्या रविवारी. मार्गशीर्षातले गुरुवार श्वेता पाळते, म्हणून रविवार. बघ, मला सगळं माहीत असतं.

गौरीसाठी तेरडा मिळणार नाही. बाजारात विचारलं तर भाजीवाली हसली, "मावशी, तेरडा कधीच वाळून गेला, आता पुढल्या पावसात या." आईला भीत भीत सांगितलं. म्हणाली, "नसेल उगवला यंदा. शेवंतीची जुडी बांधा. गौरीला सगळं चालतं, उपाशी राहणं चालत नाही." मी तिच्याकडे बघत राहिले. ती भिंतीकडे बघत होती.

जेवण मी करणार. मटण आईला झेपणार नाही, म्हणून आजाऱ्याला देतात त्या मुडदुशा आणणार आहे, काटे कमी, मांस मऊ. त्यांचं आमसुलाचं तिखलं, तांदळाची भाकरी. कोळणीला सांगून ठेवलंय. माळ्यावरची कढई आज काढली, घासली. आईने आवाज ऐकला. आणि आज दुपारी वाटीत काय घातलंय ते विचारलं नाही.

आता तो मुद्दा, जो पुढे घेते म्हणाले होते. रिक्षा करून तुझ्या दारी का आले नाही? कारण समोर बसून हे मला बोलता आलं नसतं. हजार माणसांपुढे बोलता येतं मला. तू एकटा समोर असलास की येत नाही.

आईने एक अट घातली आहे. ती तू लहानपणापासून ऐकली आहेस: गौर दारातून आत लेकीनेच आणायची. मी कॉलेजात जायला लागल्यापासून नकार दिला, आणि इतकी वर्षं शेजारच्या कुणाच्या तरी लेकी आणि तुझ्या लग्नानंतर श्वेता ते करत आली. आई मला काल म्हणाली, "तू नको म्हणालीस तर श्वेता आणेल, मी काय भांडणार नाय." आणि तोंड फिरवलं.

तू श्वेताला उंबऱ्यावर पुढे करू नकोस. जिना चढून आलास की मुखवटा माझ्याकडे दे. मला विचारू नकोस, आणि हसूही नकोस. मी हात पुढे केलेले असतील.

त्या दिवशी भाषण होणार नाही, हा माझा शब्द.

उंबऱ्याशी वाट बघणारी,
तुझी ताई

ता. क. येताना तुझा डबा आण. आईचं जेवून झालं की मागे उरलेलं तिखलं तुला न्यायचं आहे. तिने आत्ताच खाटेवरून सांगितलं, "बाळाला दोन तुकडे जास्त ठेव."