गोटे घरी ठेवून या

चि. प्रेमदास,

जगनभियाचा रामराम. वसमतला आडतीत काम लागलंय, पोटभर जेवतो, असं याडीला सांग, आईचा जीव काळजी करत असेल. तिचा खोकला कमी झाला का?

मी सोडलं तरी इथलं कॉलेज आपलंच. रविवारी कॉलेजच्या मैदानावर त्यांची नि आपल्या तांड्याची कबड्डी आहे. इथली पोरं म्हणतात, "तुमच्या तांड्याला खेळ न्हाई, गोफणच येते." एकाची कॉलर धरली, पण तो माझ्या वर्गातल्या निलमचा भाऊ निघाला, मग सोडली. त्यांच्याकडून तोच खेळणार. निलमही बघायला येणार आहे.

मागच्या वेळी दोन्हीकडून गोटे पडले. आता आपल्या पोरांनी आणायचे न्हाईत. खेळताना तुला हात लागला, तर पंचाकडं न बघता बाहेर हो.

मी इथल्याच पोरांत बसणार आहे. गोटा आला तर आधी मला लागेल, एवढं तांड्यावर सांग.

तुझाच,
जगन