पातेऱ्यातलं फुदं

८ जुलै २०१४, नरपड
कढीपत्त्यावरच्या अळीने कात टाकली. कालपर्यंत पक्ष्याच्या शिटेसारखी दिसत होती, आज पोपटी हिरवी. डोक्याला बोट लावलं तर दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि असा काही वास सोडला की मी बरणी ठेवून मागे सरले. एवढुशी आहे पण तोरा केवढा!
बरणी लोणच्याची. सासूबाईंच्या लक्षात आलंय, त्या अजून बोलल्या नाहीत. ह्यांच्या लक्षात आलं आणि हे लगेच बोलले. "वाडीत मी अळ्या मारायच्या आणि घरात तू पोसायच्या. धन्य आहे." चिकूची वाडी सांभाळणाऱ्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार.

२२ जुलै
निघालं! पोळ्या लाटत होते तर सा.बा. ओरडल्या, "अगो, तुझी बरणी बघ." कोश उकललेला, बाजूला काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. पंख ओल्या रुमालासारखे लोंबत होते. पोळी करपली. सा.बा. स्टूल ओढून बसल्या ते पंख वाळेपर्यंत उठल्या नाहीत. उडालं तेव्हा त्यांनी हात जोडले. बरणी आता तुझी, लोणच्याला मी दुसरी बघते, असं त्यांनीच जाहीर केलं.
लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या घरात एखादी वस्तू फक्त माझी अशी ही पहिलीच. फार बरं वाटलं.

१५ जानेवारी २०१५
कहर झाला. शेजारच्या दक्षाबेनना मागे सांगून ठेवलं होतं, तुमच्या अंगणातल्या खांबावर पतंग दिसला तर टाकू नका, माझ्यासाठी ठेवा, फाटका असला तरी चालेल. आज उत्तराणीच्या, म्हणजे त्यांच्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी पिशवीभर आणून दिले. कागदाचे. मांज्यासकट.
"तुमीच बोलल्या ने भाभी, फाटेला पण चालेल!"
मी हसून हसून ओटीवर बसलेच. दिव्यावर येतात ते पतंग, असं समजावलं. "अरे, एटले फुदां! तसं बोला ने."
किती नेमका शब्द. आजपासून माझ्या वहीत फुदं. पतंग ज्यांना उडवायचे त्यांना लखलाभ.

२ सप्टेंबर
शेवंती (आमच्याकडे वाडीत कामाला असते) सायवनला घरी जाऊन आली. येताना ऐनाची फांदी, त्यावर अंगठ्याएवढी जाड हिरवी अळी. टसरची असणार. "बाई, ही तुमाला. लय खाते हां, आदीच सांगते." कुणी साडी आणली असती तर एवढा आनंद झाला नसता.
लय खाते हे खरंच. आणि ऐन इथे किनाऱ्याला कुठून आणू?

५ सप्टेंबर
हे तलासरीला गेले होते. परत आले तर स्कूटरच्या मागे ऐनाचा डहाळा बांधलेला. "वाटेत होता," म्हणाले आणि हात धुवायला गेले. गाडी थांबवून, चिखलात उतरून, कोयतीने तोडल्याशिवाय डहाळा कुणाच्या वाटेत येत नाही. पायांवर चिखल होताच. मी ह्यांना आवडतं तसं कालवण केलं.

३० ऑक्टोबर
सगळ्या गेल्या. लिंबावरच्या, कढीपत्त्यावरच्या, सगळ्या. काळ्या पडून लुळ्या, तोंडातून हिरवं पाणी. (टसरने कोश केला होता म्हणून ती तेवढी वाचली.) काल वाडीच्या बांधावरच्या लिंबाची पानं घातली, आणि परवाच ह्यांनी तिथे औषध मारलं होतं. पानं धुतली होती मी.
बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात हे वाडीतून आले. आजही फवारणीच. चहाचा कप उचलला आणि अर्धा चहा सदऱ्यावर. हात थरथरत होता. घामाने निथळत होते. म्हणाले, "डोळ्यांपुढे धुरकट दिसतंय गं."
मी बरणीकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे.

३१ ऑक्टोबर, डहाणू, दवाखान्यात
सलाईन चालू आहे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टर नवे, शहरातले. त्यांनी विचारलं, "ह्यांनी औषध घेतलं होतं का?" सा.बा. म्हणाल्या, "सकाळपासून औषधच चाललं होतं त्याचं." डॉक्टरांचा चेहराच बदलला. मला बाजूला घेऊन हळू आवाजात, "घरात काही भांडण वगैरे?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. घेतलं नाही हो, मारलं, झाडांवर मारलं, असं सांगता सांगता मला रडू फुटलं आणि मध्येच हसूही.
पंप परत पाठीवर घ्यायचा नाही, असं बजावून सांगितलंय. दुपारी ह्यांनी पेज मागितली. देवा, माणूस परत दिलास, आता मी काही मागणार नाही.

१२ जानेवारी २०१६
मागणार आहे. पंप पुन्हा पाठीवर.
व्यापाऱ्याने माल परत पाठवला. चिकू वरून गुळगुळीत, कापला की बी पोखरलेली आणि आत अळी. "फवारलं नाही तर झाडं तोडून टाकावी लागतील," हे म्हणतात. आजेसासऱ्यांनी लावलेली झाडं. दुसऱ्या कुणाला पंप द्यायला ह्यांचं मन होत नाही, मला झालं ते त्याला व्हायला नको म्हणतात. हेही खरं.
हे रांगेत शिरले की मी ओटीवर येऊन बसते. तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं दुसऱ्या टोकाला दिसेपर्यंत भाजी निवडण्याचं नाटक.

१९ फेब्रुवारी
ठरवलं. बीतलीच अळी पाळायची. ती बाहेर कधी पडते, जाते कुठे, कोश कुठे करते, काही माहीत नसताना हे नुसते अंदाजाने पंप मारत राहणार आणि प्रत्येक फवारणीला माझा जीव टांगणीला. ह्यांना सांगितलं. "शत्रूला पाहुणचार!" पण संध्याकाळी किडके चिकू स्वतः वेचून आणून दिले.

६ मार्च
फळाला बारीक भोक पाडून अळी बाहेर येते. मग डबाभर हिंडते, हिंडते आणि मरते. कोवळी पानं घातली, कळ्या घातल्या, फुलं. ढुंकून बघत नाही. डबा रोज धुते, पुसते, उन्हात वाळवते. अळ्यांच्या बाबतीत माझा एकच नियम, घाण राहू द्यायची नाही. बुरशी धरली की संपलं.

१७ जून
टसर निघाली. तळहात पुरला नाही एवढी. पंखांवर काचेसारखे चार गोल, त्यातून पलीकडचं दिसतं. हिला खायला तोंडच नसतं म्हणे, सगळं खाणं अळी असतानाच उरकलेलं. शेवंतीला दाखवली. "अरे वा! मी आनलेली ती हीच?" दोघी बघत राहिलो. ज्यांनी ज्यांनी हिला पानं पुरवली त्या सगळ्यांचं भलं होवो. ह्यांना धरून.

२४ नोव्हेंबर
बीतली अळी याही वेळी मेली. डबा आरशासारखा चकचकीत आणि आत मेलेल्या अळ्या. वैताग आलाय. सा.बा. बघून म्हणाल्या, "लेकुरवाळीचं घर कधी एवढं लख्ख असतं का गो?" मी चिडले त्यांच्यावर. उगाच.

२० फेब्रुवारी २०१७
तलासरीहून परत. भाचीच्या लग्नाला माहेरी गेले होते, डबा सा.बा.ंवर सोपवून. त्या कशाला धुतायत! शेवंतीने किडके चिकू टोपलीतून तसेच ओतलेले, पातेऱ्यासकट, म्हणजे झाडाखालचा वाळका पालापाचोळासुद्धा डब्यात. बघून डोकंच फिरलं. साफ करायला घेतला तर एका वाळक्या पानाची कड कातरलेली. कातरून, दुमडून, रेशमाने टाचलेली. औषधाची पुडी बांधतात तशी.
पुडी उजेडासमोर धरली. आत कोश!
ओरडलेच मी. सा.बा.ंना वाटलं विंचू चावला. हिरवी पानं नकोच होती तिला, वाळकी हवी होती. माझ्या झाडलोटीनेच मरत होत्या बिचाऱ्या. सा.बा.ंच्या पाया पडले. "काय गो, मी काय केलं?" काहीच केलं नाहीत, हेच केलंत.

४ मार्च
फुदं निघालं. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं, राखाडी, पंखांवर बारीक नक्षी. हे चष्मा लावून बराच वेळ डब्यात बघत होते.
"हे? ह्याच्यासाठी मी मरायला टेकलो होतो?"
"सुंदर आहे पण," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.
ह्यांनी चष्मा काढला. "बाकी सगळं म्हण. ह्याला तेवढं सुंदर म्हणू नकोस."

१० मार्च
शेवंतीला पुडी दाखवली तर तिला पातेऱ्याची आठवण निघाली. "आदी आमीच नेत होतो पातेरा राबाला. मंग दादानी ना पाडली." भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला ह्या बायका आमच्या वाडीतला पाला नेत असत. मग कुणीतरी ह्यांच्या, म्हणजे शेवंतीच्या दादांच्या, डोक्यात भरवलं की पाला झाडाखालीच राहू द्या, ओल टिकते, आणि ह्यांनी तो नेऊ देणं बंद केलं. ओल टिकली आणि फुद्यांना आयतं घर मिळालं.
ह्यांच्याशी वाद. "एका डब्यावरून वाडीचा न्याय करतेस?" बरोबर आहे, एकच डबा. पण निदान अर्धी वाडी द्या म्हटलं. गळलेली फळं आणि पातेरा दर आठवड्याला उचलायचा. पंप फक्त डब्यात फुदं निघेल तेव्हा, कारण वाडीतही ती तेव्हाच निघणार, उगाच नाही. समुद्राकडच्या रांगा माझ्या, रस्त्याकडच्या ह्यांच्या.
"बरं," म्हणाले. ह्यांचं "बरं" म्हणजे किती मोठं, ते मला माहीत आहे.

८ एप्रिल २०१८
पातेरा शेवंतीकडच्या बायकांना द्यायचा, पण त्यात इतर फुद्यांचेही कोश असतात, ज्यांनी आमचं काही बिघडवलेलं नाही. ते राबात कसे जाळू? म्हणून गोणपाटावर पाला पसरून निवडत बसते. गहू निवडावे तसं. शेवंती हसते. सा.बा. हसतात. दक्षाबेन भिंतीवरून हसतात.
आज हे येऊन समोर बसले. चष्मा लावून एकेक पान उलटं करून बघायला लागले. एक पुडी वर धरली, "हा तुझा का माझा?"
"तुमचा."
एक मोठा तपकिरी कोश, "हा?"
"माझा. हळू ठेवा."
हळू ठेवला. कोश धरताना हात अजिबात थरथरत नव्हता. मी बघत राहिले. लग्नातही ह्यांच्या हातांकडे एवढं बघितलं नव्हतं.

२७ जानेवारी २०१९
ओटीवर दोन रांगा. डावीकडे ह्यांच्या बाजूचे चिकू, उजवीकडे माझ्या. हे एकेक कापत गेले. दोन्हीकडे किडक्या बिया निघाल्या. माझ्याकडे कमी. फार कमी नाहीत, पण कमी. ह्यांनी सुरी पुसली, चांगल्या फोडी ताटात घालून सा.बा.ंना नेऊन दिल्या. जेवताना म्हणाले, "आता रस्त्याकडचा पातेरा पण उचलायला सांग."
सगळी वाडी! मी ताटावरून उठून आत गेले, डोळे पुसून परत आले. दक्षाबेनकडे वाटीभर शिरा पाठवला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

१९ मे
व्यापाऱ्याचा निरोप, ह्या खेपेला किडका माल निघतोय, लक्ष ठेवा. आजूबाजूच्या वाड्यांतून दोन-तीन दिवस फवारणीचा वास येतोय. चिखल्याला राहणारे ह्यांचे मावसभाऊ येऊन सांगून गेले, "वहिनीच्या डब्याच्या नादी लागून हातची वाडी घालवशील." हे ऐकून घेत होते. मी आत भांडी जोरात आपटत होते.
ते गेल्यावर ह्यांनी पंप काढला. धुतला. पट्टे तपासले. ओटीवर आणून ठेवला, भरला नाही. मग माझ्या डब्यापाशी आले.
"निघालं का?"
"नाही अजून."
"मग थांबतो. निघालं की सांग."
वाडीबद्दल ह्यांनी आजवर कधी कुणाला विचारलेलं नाही. स्वतःच्या वडिलांनासुद्धा नाही, सा.बा. सांगतात.

२१ मे
निघालं नाही. हे सकाळी एकदा, दुपारी एकदा डोकावून गेले. पंप तिथेच.
सांगायचं तर आहेच. शब्द दिलाय, आणि खोटं सांगितलं तर हे पुन्हा कधी विचारणार नाहीत. पण फुदं दिसलं म्हणजे हे पंप पाठीला लावून रांगेत शिरणार, आणि मी ओटीवर. इतकी वर्षं प्रत्येक कोशापाशी मी, ये बाई, लवकर ये, असंच म्हणत बसले. आज पहिल्यांदा, येऊ नकोस, असं म्हणतेय.
आत्ता डब्यातलं एक पान हललं. पंख्याचा वारा असेल.
पंखा बंद केला. बघत बसले आहे.