घार ती, पक्षी तो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा वजनकाटे दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी माझ्या पोटाबद्दल जे सांगायचे ते सांगितले, त्याच दुपारी मी सोनाराचा काटा जुळवून दिला आणि तो केसभरही चुकला नाही, यावरून काय ते समजावे. याआधी मी एक कच्चा मसुदा केला होता. तो रद्द. का रद्द, ते पुढे येईल.

कलम १. दुकानातील हत्यारे व प्रमाण वजनांची पेटी मागच्या गल्लीतल्या काटेवाल्याला द्यावी. त्याचे काम बघवत नाही, पण गावात दुसरे कोणी उरलेले नाही. वजने उघड्या बोटांनी धरायची नसतात, चिमट्याने धरायची असतात, हे मी त्याला तीस वर्षे सांगते आहे. पेटीसोबत चिमटा आहेच. अक्कल पेटीत बसत नाही, नाहीतर तीही दिली असती.

कलम २. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला माझ्याकडून काहीही नाही. त्याच्या काट्याखाली चिकटवलेला लोखंडाचा तुकडा कोणी काढून नेला, हे तो अजून शोधतो आहे. मी नेला. आता खुशाल बोंब मारावी.

कलम ३. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, संपूर्ण माझ्या कमाईचे असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या भाचीला देते. ती माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीची मुलगी. गुणी आहे, फार बोलत नाही.

पण त्या घरात माझा थोरला भाऊ राहतो. मी गेल्यावर दादाला तिथे राहू द्यायचे की नाही, हा या कागदातला एकच खरा प्रश्न आहे. बाकी सगळे भंगार.

कलम ४. दादाविषयी. वय शहात्तर. सगळी गल्ली त्याला प्रोफेसर म्हणते. त्याने एका शाळेत आठ महिने व्याकरण शिकवले, मग मुख्याध्यापकांशी एका अनुस्वारावरून भांडून घरी आला, तो आलाच. गेली त्रेचाळीस वर्षे तो ग्रंथ लिहितो आहे. प्रस्तावना होत आली आहे. या काळात त्याने ताटावर बसणे आणि ताटावरून उठणे, एवढीच कामे वेळेवर केली. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी विचारले, "मग कशात लिहितात?"

कलम ५. तीन वर्षांपूर्वी भाचीने आमच्या टीव्हीवर एक घरटे लावून दिले. तळ्याकाठी उंच खांब, खांबावर मासे पकडणाऱ्या घारींचे घरटे आणि त्यावर रोखलेला कॅमेरा, दिवसभर चालू. "मावशी, मामांचा वेळ जाईल," म्हणाली. वेळ घालवण्यात त्याला मदत लागते, हे मला नवीनच होते. चित्राखाली जगभरची रिकामटेकडी माणसे पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम पाठवत असतात आणि पिल्लांची नावे ठरवायला मतदान घेतात. ते घारींना नावे ठेवतात, मी माणसांना ठेवते.

दादाने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "तो मोठा घरट्यात बसलाय ना, तो नर. कर्ता. घर राखतोय. आणि ती बारकी मासे आणून देते, ती मादी."

"दादा, घारींमध्ये मादी मोठी असते. भाचीने वाचून दाखवलं. बसलीय ती मादी, मासे आणतो तो नर."

"भाची मला शिकवणार?"

"आणि घार ती असते. ती घार."

"पक्षी तो असतो. तो पक्षी."

भाषेनेच त्याला पळवाट ठेवली, त्याला मी काय करू? बाराव्या दिवशी मोठीने भर उजेडात, कॅमेऱ्याकडे तोंड करून अंडे घातले. दादा चष्मा लावून बघत होता. म्हणाला, "मघाशी चित्र अडकलं होतं. तेवढ्यात ती बारकी घालून गेली. हा फक्त उबवतोय." तीन वर्षे हेच. घरात बसणारा तो कर्ता, आणि बाहेरून आणून घालणारी ती बारकी. कोणाकडे बघून त्याने हे ठरवले, हे कळायला व्याकरण लागत नाही. तो नर निदान माशाचे डोके आधी स्वतः खातो आणि उरलेला घरट्यात आणतो. मी डोकेसुद्धा शाबूत आणले.

म्हणून डॉक्टरांकडून आल्यावर केलेल्या मसुद्यात मी अशी अट घातली होती: दादाने दोन साक्षीदारांसमोर, मोठ्याने, 'मोठी घार मादी आहे' असे म्हणावे, तरच त्याला घरात राहू द्यावे. न म्हटल्यास एका महिन्यात खोली मोकळी करून घ्यावी. ही अट मी हौसेने लिहिली होती. तो म्हणणार नाही, हेही मला पक्के ठाऊक होते.

कलम ६. त्याच आठवड्यात मासे आणणारा नर गेला तो परत आला नाही. घरट्यात पिसे फुटलेली तीन पिल्ले होती. दादा पहिल्या दिवशी म्हणाला, "लांब गेली असेल." दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची टीव्हीजवळ ओढली. तिसऱ्या दिवशी ताट तसेच ठेवून त्याने विचारले, "ती येईल ना गं?"

"नाही आला तर मोठी जाईल मासे धरायला."

"त्याला कुठे येतंय?" दादा म्हणाला. नजर टीव्हीवरच. "त्याने कधी केलंच नाही गं."

माझ्या पोटाचे मी दादाला सांगितलेले नाही. पण माझी औषधे आणि डॉक्टरांचे कागद त्याच टेबलावर असतात, आणि वाचायला त्याला येते. तेवढेच तर येते. मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचा संताप आला. कोणालाही उलट उत्तर द्यायला मला कधी वेळ लागला नाही. त्या दिवशी मी त्याच्या ताटावर झाकण ठेवले.

पाचव्या दिवशी मोठी उडाली. दोनदा रिकामी आली. तिसऱ्यांदा पंजात तळहाताएवढा मासा होता. दादा खुर्चीतून उठून ओरडला, "आणला! त्याने आणला, बघ!" 'ती' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी गिळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात आला आणि अंडी उकडायचे भांडे कुठे असते ते विचारू लागला. त्रेचाळीस वर्षे याच घरात! एक अंडे फुटले, दुसरे कच्चे राहिले, आणि दोन्ही त्याने माझ्यापुढे ठेवली. अंडी वाईट होती, याची नोंद असावी. मी दोन्ही खाल्ली.

कलम ७. सबब वरील अट रद्द. दादाने हयातभर याच घरात राहावे, त्याला कोणीही उठवू नये. टीव्ही चालू ठेवणे भाचीकडे. मात्र माझ्यामागे पहिले चार दिवस त्याला कोणीही डबा आणून देऊ नये, तो कितीही केविलवाणा दिसला तरी. पाचव्या दिवशी काय होते ते पाहावे. बाहेर जाऊन दोनदा रिकाम्या हाताने परत आला तर हसू नये. हसायचा हक्क फक्त माझा होता.

कलम ८. हे मृत्युपत्र दादाला भाचीने वाचून दाखवावे. मोठ्या घारीला मी जिथे जिथे 'ती' म्हटले आहे, तिथे तिने 'तो' वाचावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

सही: काटे दुरुस्त करणारी

आमच्यासमोर सही केली:
१. शेजारचा चावीवाला
२. औषधांच्या दुकानातल्या बाई

स्थळ: माझे दुकान
दिनांक: एकोणीस जुलै, वार गुरुवार